आजोबांचा सारा आणि नागपूरचं कौन्सिल

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात वावराचे जुने कागद आहेत आणि त्या कागदांत आजोबांच्या नावाची शेतसाऱ्याची एक पावती आहे, १९२४ सालची. कागद हळदीच्या रंगाचा झालाय, घडीवर फाटायला आलाय, शाई मात्र अजून काळी आहे. सात रुपये दहा आणे, आणि खाली सही. आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पक्का खारपाणपट्टा. माती काळीशार, पण विहीर खोदली की पाणी खारं लागतं. आजी सांगायची, प्यायच्या पाण्यासाठी बाया पहाटे दीड कोस चालत जायच्या. त्याच सुमारास गावानं गोड्या पाण्याच्या विहिरीसाठी वर अर्ज केला होता, हेही ती सांगायची.

मागच्या ग्रामसभेत शेजारच्या काकू उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरपंचांना विचारलं, "आमी घरपट्टी भरतो, पानीपट्टी भरतो. त थो पैसा कायले लावाचा हे आमाले कोनी इचारते का नाई?" गलका झाला. सरपंचांनी अंदाजपत्रकाचा कागद वाचून दाखवला. घरी येताना माझ्या डोक्यात ती पावती घोळत होती. आजोबांचे सात रुपये दहा आणे कुठं गेले? ते कशावर लावायचे हे त्यांना, निदान त्यांनी निवडून दिलेल्या माणसाला तरी, कोणी विचारलं होतं का?

हे समजायचं तर तेव्हाचं नागपूरचं कायदेकौन्सिल कसं चालायचं ते पाहावं लागतं. शब्द जड आहेत, पण कारभार समजायला अवघड नाही.

आधी एक गोष्ट. नागपूर आणि वऱ्हाड हे कायद्यानं दोन वेगळे मुलूख होते. भोसल्यांचं राज्य खालसा करून इंग्रजांनी नागपूर घेतलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनवला. भंडारा, वर्धा, चांदा त्यात आले. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा वऱ्हाड मात्र कागदोपत्री निजामाचाच राहिला. १८५३ च्या तहानं तो इंग्रजांकडे कारभाराला आला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून तो कायमच्या पट्ट्यानं घेतला, आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. आपल्याकडे वावर मक्त्यानं करतात ना, तसंच. पेरणार एक, कागदावर नाव दुसऱ्याचं.

याचा कायद्यावर थेट परिणाम झाला. मध्य प्रांतात 'ॲक्ट' व्हायचे आणि वऱ्हाडात 'लॉ'. पाटील-पटवाऱ्यांचा १९०० सालचा कायदा पाहा, त्याच्या नावात 'लॉ' हाच शब्द आहे. वऱ्हाड इंग्रजांचा मुलूख नव्हता, त्यामुळे त्यांच्या कायदेमंडळाचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. ते हुकुमानं लावावे लागत.

कापसाच्या बाजाराचंच घ्या. कारंजा लाडला १८८६ मध्ये नियमाखाली आणलेला कापूस बाजार सुरू झाला, तो हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे निजामाकडे नेमलेल्या इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीच्या हुकुमानं. नंतर १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा 'लॉ' आला. मापाऱ्याला परवाना लागेल, अडत्याला परवाना लागेल, बाजारावर समिती देखरेख ठेवेल, असं त्यात ठरलं. आजच्या बाजार समित्यांचं मूळ शोधत गेलं की आपण या कायद्यापाशी येतो. कायदा उपयोगाचा होता, यात मला शंका नाही. पण तो करताना कोणत्याही सभागृहात चर्चा झाली नाही, मतदान झालं नाही, आणि ज्याची गाडी त्या बाजारात उभी राहायची त्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नाही. समित्यांमध्येही भरणा व्यापाऱ्यांचाच राहिला.

मालगुजारी भागाची, म्हणजे मध्य प्रांतात जिथं मालगुजार गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा त्या भागाची, गत थोडीच वेगळी होती. भंडारा-चांद्याच्या जमिनीचा १८८१ चा महसूल कायदा आणि कुळांचा १८९८ चा कायदा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात झाला. ते कौन्सिल हिवाळ्यात कलकत्त्याला बसायचं आणि उन्हाळ्यात सिमल्याला. मुंबईला आणि मद्रासला १८६१ च्या कायद्यानंच आपापली कौन्सिलं मिळाली होती. नागपूरला ते मिळायला १९१४ साल उजाडलं. त्या पहिल्या कौन्सिलात सभासद प्रश्न विचारू शकत, ठराव मांडू शकत, अंदाजपत्रकावर बोलू शकत. अंदाजपत्रक मंजूर किंवा नामंजूर करायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. हिशेब ऐकायचा, मन मोकळं करायचं आणि घरी जायचं.

खरा बदल झाला १९१९ च्या कायद्यानं. त्याप्रमाणे १९२१ पासून नागपुरात सुमारे सत्तर सभासदांचं नवं कौन्सिल बसू लागलं आणि त्यात निवडून आलेल्यांचं बहुमत होतं. चीफ कमिशनर जाऊन गव्हर्नर आला. सर फ्रँक स्लाय हे पहिले गव्हर्नर. मत देण्याचा हक्क होता तो ठरावीक रकमेवर सारा किंवा आयकर भरणाऱ्यांना आणि अशाच काही थोड्यांना. गावातल्या मजुराला मत नव्हतं, कुळालाही बहुधा नव्हतं. बायांना मत द्यायचं की नाही हे कौन्सिलवर सोपवलं होतं. मध्य प्रांतानं ते दिलं १९२७ मध्ये. वऱ्हाडातून निवडून आलेल्यांना तर आणखी एक पायरी होती. मतदारांनी निवडल्यावर गव्हर्नर त्यांची रीतसर नेमणूक करायचा, तेव्हा ते सभासद व्हायचे. कारण तेच, मक्त्याचं वावर.

आता कायदा कसा व्हायचा ते पाहू. एखादं बिल सरकारतर्फे मांडलं जायचं, किंवा एखादा साधा सभासदही मांडू शकायचा. साध्या सभासदाला आधी सभागृहाची परवानगी घ्यावी लागे. काही विषय असे होते की त्यांना हात लावण्यापूर्वी गव्हर्नर जनरलची, म्हणजे व्हाइसरॉयची मंजुरी लागायची. ती नसेल तर बिल टेबलावरच यायचं नाही. मांडलेलं बिल गॅझेटात छापलं जायचं. मग तीन वाटा होत्या. लगेच विचारात घ्यायचं, लोकमतासाठी फिरवायचं, किंवा सिलेक्ट कमिटीकडे द्यायचं. खरं काम या कमिटीत व्हायचं. पाच-दहा माणसं एका टेबलाशी बसून एकेक कलम चाळायची, शब्द बदलायची. सभागृहात भाषणं गाजायची, पण एखाद्या गरीब माणसाला कायद्याचा फायदा होणार की नाही हे पुष्कळदा कमिटीनं घातलेल्या किंवा काढलेल्या एका ओळीवर ठरायचं. कमिटीचा अहवाल आला की सभागृहात कलमवार मतदान, मग पूर्ण बिलावर मतदान.

तिथं पास झालं म्हणजे कायदा झाला असं नाही. गव्हर्नरची संमती लागे. तो बिल फेरविचारासाठी परत पाठवू शकायचा. त्यानंतर गव्हर्नर जनरलची संमती. आणि सगळं झाल्यावरही लंडनहून राजाच्या नावानं तो कायदा रद्द होऊ शकायचा. उलट, राखीव खात्यातलं एखादं बिल कौन्सिलनं फेटाळलं तरी गव्हर्नर 'हे आवश्यक आहे' असा दाखला देऊन ते पुढे रेटू शकायचा. आणि मध्य प्रांताचा कायदा वऱ्हाडात लावायचा म्हटलं की पुन्हा वेगळा हुकूम.

इतक्या पायऱ्या चढूनही काही चांगले कायदे झाले, हे सांगितलंच पाहिजे. १९२९ नंतर कापसाचे भाव कोसळले. ज्या शेतकऱ्यानं चांगल्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं होतं, त्याला व्याज फेडायलाही कापूस पुरेना. त्या काळात या कौन्सिलनं १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. या प्रकारचा तो देशातला पहिला कायदा मानला जातो. सावकार आणि शेतकरी यांना मंडळासमोर समोरासमोर बसवायचं, हिशेब तपासायचा आणि फेडता येईल अशा रकमेवर आणि हप्त्यांवर तडजोड घडवायची, अशी त्याची रीत. पुढच्याच वर्षी सावकारांचा कायदा झाला. ऋणकोचा हिशेब नीट लिहायचा आणि तो त्याला दरवर्षी द्यायचा, हे बंधन त्यानं सावकारावर घातलं. ज्यांच्या घरी कोऱ्या कागदावर अंगठे घेतले गेले आहेत, त्यांना या एका कलमाची किंमत सांगावी लागत नाही.

आता पैशाकडे येऊ, म्हणजे आजोबांच्या पावतीकडे.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की सारा किती घ्यायचा हे दरवर्षी कौन्सिल ठरवत नव्हतं. ते बंदोबस्तात ठरायचं. बंदोबस्त अधिकारी गावोगाव फिरायचे, जमिनीची प्रत लावायचे, दर बांधायचे, आणि वऱ्हाडात तो साधारण ३० वर्षं चालायचा. म्हणजे सरकारच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा लोकप्रतिनिधींच्या मतावर अवलंबूनच नव्हता. त्याखालचा मोठा झरा अबकारीचा, म्हणजे दारूचा. कौन्सिलला अधिकार होता तो मुख्यतः आलेला पैसा कशावर लावायचा याचा, आणि तोही अर्धामुर्धा.

पैसा गावातून पाटलाच्या हातून तहसीलच्या खजिन्यात जायचा. तिकडे प्रत्येक खात्याचे अधिकारी पुढच्या वर्षाच्या खर्चाचे आकडे करून वर पाठवायचे आणि अर्थखातं त्यात काटछाट करायचं. १ एप्रिलला नवं वर्ष सुरू व्हायचं, त्याआधी अंदाजपत्रक कौन्सिलपुढे यायचं. पहिले काही दिवस सर्वसाधारण चर्चा, त्यात मतदान नाही. मग खातेवार 'मागण्या'. पोलिसांसाठी इतके, शिक्षणासाठी इतके, दवाखान्यांसाठी इतके, अशी एकेक मागणी मताला टाकली जायची. सभासदांपुढे तीनच मार्ग असायचे. मागणी मंजूर करा, फेटाळा, किंवा कमी करा. वाढवता येत नव्हती. आमच्या विहिरीसाठी दोन हजार रुपये घाला, असं कोणी सभासद म्हणू शकत नव्हता. खर्चाचा प्रस्ताव गव्हर्नरच्या शिफारशीनंच यायला पाहिजे, असा नियम होता.

मग खारपाणपट्ट्यातल्या सभासदानं करायचं काय? तो प्रश्न विचारू शकायचा. ठराव मांडू शकायचा, जो पास झाला तरी सरकारवर बंधनकारक नसायचा. आणि त्याच्या हातात एक हत्यार होतं, कपात सूचना. खात्याच्या मागणीतून शंभर रुपये, नाहीतर एकच रुपया कापा, असं तो सुचवायचा. रुपया वाचवणं हा हेतूच नसायचा. त्या रुपयाच्या निमित्तानं उभं राहून 'आमच्या बाया दीड कोस पाणी वाहतात' हे सभागृहाच्या नोंदीत घालायचं, आणि मत मागून सरकारला उत्तर द्यायला लावायचं. मला हा मार्ग फार आवडतो. वाढवायला बंदी असलेल्या माणसानं कमी करण्यातून बोलायची वाट काढली.

पण सगळे खर्च मताला यायचेच नाहीत. कर्जावरचं व्याज, लंडनहून नेमलेल्या साहेबांचे पगार आणि पेन्शनी, आणि दिल्लीला द्यायची वर्गणी हे मताबाहेर. ही वर्गणी मेस्टन साहेबांच्या समितीनं बांधून दिली होती. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या वाट्याला वर्षाचे २२ लाख रुपये आले होते. त्यावर कौन्सिल चर्चा करो वा न करो, पैसा जायचाच.

उरलेल्या खर्चाचीही दोन दावणी होती. यालाच द्विदल राज्यपद्धती म्हणतात. एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणा. थोरल्याकडे तिजोरीची किल्ली, वावराचं उत्पन्न आणि दाराशी काठी घेऊन बसलेला राखणदार. धाकट्याकडे पोरांची शाळा, आजाऱ्याचं औषध, घराची डागडुजी. धाकट्यानं पैसे मागायचे थोरल्याकडे, आणि घरच्यांनी जाब विचारायचा धाकट्याला. जमीनमहसूल, पोलीस, न्याय, तुरुंग, पाटबंधारे आणि अर्थ ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे होती. शिक्षण, आरोग्य, शेती, सहकार, रस्ते, स्थानिक संस्था आणि अबकारी ही 'सोपीव' खाती कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. यातली अबकारीची मेख तर जीव जाळणारी होती. दारू बंद व्हावी असं मंत्र्यालाही वाटायचं, पण दारूचं उत्पन्न बुडालं की शाळेचा पैसा कुठून आणणार?

राखीव खात्याची मागणी कौन्सिलनं फेटाळली तर गव्हर्नर सही करून ती परत घालू शकायचा. सोपीव खात्यात त्याचा हात तेवढा मोकळा नव्हता. खातं बंद पडू नये एवढ्यापुरता खर्च तो करू शकायचा. चालू पगार, चालू दवाखाना, चालू शाळा. नवं काम नाही. हा फरक ध्यानात ठेवा, कारण आजोबांच्या पावतीचं साल १९२४ आहे.

१९२३ च्या शेवटी निवडणुका झाल्या आणि मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. देशात कुठल्याच प्रांतात त्या पक्षाला असं निर्विवाद बहुमत मिळालं नव्हतं. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे त्यांचे पुढारी. त्यांची भूमिका सरळ होती. हे द्विदल नाटक आम्ही चालवणार नाही, आत जाऊन ते बंद पाडू. मंत्र्यांवर अविश्वास दाखवला गेला. मार्च १९२४ मध्ये अंदाजपत्रक आलं आणि एकामागून एक मागण्या फेटाळल्या गेल्या. मंत्र्यांच्या पगाराची मागणी आली तेव्हा ती कापून वर्षाला २ रुपयांवर आणली गेली. पूर्ण नकार दिला नाही, दोन रुपये ठेवले. त्या दोन रुपयांत जे सांगायचं होतं ते सगळ्या प्रांताला कळलं. मंत्री पायउतार झाले आणि त्यांची खाती गव्हर्नरनं आपल्याकडे घेतली.

हे वाचताना माझा ऊर भरून येतो. साठ-सत्तर वर्षं ज्या मुलखाला कोणी काही विचारलंच नव्हतं, त्या मुलखाच्या माणसांनी पहिल्यांदा सभागृहात उभं राहून साम्राज्याला 'नाही' म्हटलं. पण त्या नकाराचं पुढे काय झालं तेही पाहिलं पाहिजे. पोलिसांचा पैसा गव्हर्नरच्या सहीनं परत आला. तुरुंगाचा आला, महसूल खात्याचा आला. अडकलं ते सोपीव खात्यांचं नवं काम. नवी शाळा, नवा दवाखाना, नवी विहीर. कायदा रचणाऱ्यांनी तो असा रचला होता की लोकांनी काठी उगारली तर ती लोकांच्याच अंगावर पडावी. मुंज्यांच्या पक्षाला मी दोष देत नाही, ते खरंच बोलत होते. फक्त त्याची किंमत नागपूरच्या दिवाणखान्यात मोजली गेली नाही, ती खेड्यात मोजली गेली.

याच प्रश्नावर पुढे पक्ष फुटला. अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे स्वराज्य पक्षातले होते आणि कौन्सिलचे अध्यक्ष होते. त्यांनी १९२५ मध्ये गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा घेतली आणि एकच गदारोळ उठला. नकार देत राहायचं की मिळेल ती सत्ता हातात घेऊन कामं करायची, हा वाद वऱ्हाडात घराघरांत झाला. १९३० मध्ये पंजाबराव देशमुखांनी दुसरी वाट धरली आणि ते मंत्री झाले. त्यातच वऱ्हाडाची जुनी तक्रार धुमसत होतीच. कापसाचा पैसा आमचा, खर्च मध्य प्रांताच्या हिंदी बोलणाऱ्या जिल्ह्यांत. वाटणीचं सूत्र ठरवायला सरकारला समिती नेमावी लागली, तरी ती तक्रार मिटली नाही.

१९३५ च्या कायद्यानं द्विदल पद्धत प्रांतातून गेली. १९३७ मध्ये ११२ जणांची विधानसभा आली, मतदार वाढले, अर्थखातंही लोकांच्या मंत्र्याकडे आलं. गव्हर्नरचे खास अधिकार मात्र राहिले. आणि मताबाहेरच्या खर्चाची यादीही राहिली, फक्त नाव बदलून. तिला आज आपण 'भारित' खर्च म्हणतो. आपल्या राज्यघटनेच्या २०३ व्या अनुच्छेदात मागण्यांची जी रीत आहे, ती वाचून पाहा. मंजूर करा, नाकारा किंवा कमी करा, आणि मागणी राज्यपालांच्या शिफारशीनंच यावी. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांवर आमदार बोलतात तेव्हा त्या चाकोरीची आखणी शंभर वर्षांपूर्वीची असते. फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे की आता फेटाळलेली मागणी कोणी एकट्याच्या सहीनं परत घालू शकत नाही, आणि मत शेतमजुरालाही आहे.

परवा काकू घरी आल्या होत्या. त्यांना पेटीतली पावती दाखवली, हे सगळं सांगितलं. त्यांनी ती खिडकीच्या उजेडाशी धरली, आण्याच्या आकड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मंग त्या साली गावाले काय भेटलं?"

मास्तरचा पगार आला, मी म्हटलं. विहिरीचा पैसा नाही आला.